मागेन म्हणायचं होतं

कवळीमास्तरांचा सगळा दिवस लोकांच्या तोंडात हात घालण्यात जाई, पण स्वतःच्या तोंडातून एखादं कामाचं वाक्य काढायचं म्हटलं की त्यांची दातखीळ बसे. गल्लीच्या टोकाला खाली त्यांचं दुकान आणि वर दोन खोल्यांचं घर. दुकानात मागे कलणारी एक खुर्ची, चूळ भरायचं बेसिन, घासकामाची मोटर, आणि भिंतीभर फळ्यांवर मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवीन माणूस आत आला की त्या जबड्यांकडे बघून आपोआप गप्प होई. मास्तरांना ते सोयीचं पडे.

कामात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गुलाबी मेणात एकेक दात बसवताना ते ओठ घट्ट मिटून वाकत आणि चहा समोर ठेवला तरी त्यांना पत्ता लागत नसे. चर्चमधल्या गायकवृंदाची मागची रांग जवळजवळ सगळीच त्यांच्या कवळ्यांवर गात होती, आणि एखादा सूर घसरला तर मास्तरांना तो आपला दोष वाटे. तसा त्यांना कुठलाही दोष आपलाच वाटे. गॅस बंद केला का हे बघायला ते निम्म्या जिन्यातून परत वर जात. फोन वाजला की आधी छातीत धस्स होई, मग हात पुढे होई. डॉक्टरांकडे जायचं ठरलं की आदल्या दिवशीच त्यांना ठणठणीत वाटायला लागे. अवघड गोष्ट उद्यावर ढकलली की ती आजच्यापुरती नसतेच, असा त्यांचा पक्का समज होता. लहानपणी थोरल्या बहिणीने, म्हणजे आक्काने, त्यांचं नाव घुम्या ठेवलं होतं. नाव ठेवणारीला माणसाची पारख होती म्हणायची.

या आक्काशी त्यांचा अबोला होता. खरं तर अबोला आक्काचा होता. घुम्या काय, जन्मापासूनच गप्प.

झालं होतं असं. आई शेवटच्या आजारात मास्तरांकडे होती आणि आक्का दूरच्या गावी, नवऱ्याच्या नोकरीपायी. रोज संध्याकाळी तिचा फोन येई. "घुम्या, खरं सांग, येऊ का?" मास्तर म्हणत, "घाई नको करू. आज जरा बरी आहे." डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं होतं. पण ते आक्काला सांगायचं म्हणजे ते खरं आहे हे आधी आपण कबूल करायचं, आणि तेवढी छाती मास्तरांना कुठून असणार? ते रोज 'आज बरी आहे' म्हणत राहिले आणि एका पहाटे आई गेली. आक्का पोचली तेव्हा आई शवपेटीत होती. आक्काने तिच्या कपाळावर हात ठेवला, मग भावाकडे वळून एवढंच म्हणाली, "तू मला फसवलंस." त्यानंतर ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नाही.

यातली एक गोष्ट आक्काला ठाऊक नव्हती, आणि तीच मास्तरांना आतून खात होती. त्या सगळ्या दिवसांत आई तिचीच चौकशी करत होती. दार वाजलं की मान वळवून म्हणे, "आली का रे ती?" आणि मास्तर सांगत, "येतेय, वाटेत आहे." म्हणजे या गृहस्थांनी इकडे आईला थाप मारली आणि तिकडे बहिणीला. दोघींनी बिचाऱ्यांनी विश्वास ठेवला.

आक्काची समजूत तर भलतीच होती. आपण लांब राहिलो, आईचं काही केलं नाही, म्हणून आई आपल्यावर रागावली आणि जाताना आपलं नावसुद्धा तिने काढलं नाही, असं ती आपल्या मुलीजवळ म्हणाली होती. मुलीने ते मास्तरांच्या बायकोला सांगितलं आणि बायकोने मास्तरांना. ते ऐकल्यापासून मास्तरांची अन्नावरची वासना उडाली. खरं सांगितलं तर आक्काच्या मनावरचं ओझं उतरेल, पण भावावरचा राग दुप्पट होईल. न सांगितलं तर ती ते ओझं घेऊनच मरेल. हे दोन्ही विचार मनात आले की ते मोटर सुरू करून कुणाची तरी कवळी घासत बसत.

नवरा गेल्यावर आक्का आपल्या मुलीकडे, म्हणजे याच गावात राहायला आली होती. दर रविवारी ती चर्चमध्ये पलीकडच्या बाजूला बसे. मधल्या काळात तिचे वरचे सगळे दात गेले होते आणि तिने कवळी करून घेतली होती ती कुठल्यातरी परक्या माणसाकडून. मास्तर इकडच्या बाकावरून ऐकत. 'स' आला की शीळ वाजे. म्हणजे पुढचे दात चुकीच्या जागी लावलेत, शिवाय कवळी सैल आहे. गाणं चालू असताना ते त्या शिळेने कासावीस होत. आपल्या आक्काच्या तोंडात परक्याचे दात, आणि तेही असले!

अशात बातमी आली की नव्या वर्षाच्या पहिल्याच आठवड्यात आक्का मुलाकडे जाणार, समुद्रापलीकडे, कायमची. सत्तरी उलटलेली बाई. परत येणं कसलं?

त्याच सुमाराला चर्चमध्ये नवीन पाळकसाहेब आले होते. तरुण, उत्साही, आणि उत्साही माणसांसारखेच दुसऱ्याला कामाला लावणारे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी त्यांनी सांगितलं, "दरवर्षी नवं वर्ष येतं आणि आपण नुसते वाहवत जातो. यंदा ठरवून जगू या. या आठवड्यात शांत बसा, देवापुढे मागचं वर्ष उलगडून बघा, आणि एकच गोष्ट निवडा. मनात कुणाविषयी काही अडकून असेल तर आधी तेच निवडा. वर्षाच्या पहिल्या सकाळी प्रत्येकाने उभं राहून ती एका वाक्यात सांगायची. देवाला ऐकू जातंच, शेजाऱ्यालाही जाऊ द्या. म्हणजे नंतर टंगळमंगळ करता येणार नाही."

घरी येताना बायको म्हणाली, "अहो, हे तुमच्यासाठीच होतं बरं का."

"माझ्या एकट्यासाठी?"

"मग काय माझ्यासाठी? मी रोजच सगळ्यांसमोर बोलते."

मास्तरांनी त्या आठवड्यात खरंच प्रार्थना केली. एरवी त्यांची प्रार्थना म्हणजे संकटांची यादी असे, सगळ्यांना सांभाळ, दुकानाला सांभाळ, जिन्यावरून कोणी पडू नये. या वेळी ते खुर्चीत नुसते बसून राहिले आणि म्हणाले, "प्रभू, मला भीती वाटते." पुढे काही सुचेना. पण तेवढं बोलल्यावर त्यांना जरा मोकळं वाटलं आणि त्यांनी ठरवलं. वाक्य तयार केलं. 'मी माझ्या आक्काची क्षमा मागेन.' एवढंच. मग पाळकसाहेबांसमोर, देवासमोर, आक्कासमोर बोलून गेल्यावर पळायला वाट राहणार नाही. दुकान बंद केल्यावर ते फळीवरच्या जबड्यांसमोर उभे राहून तेच वाक्य म्हणत. एकदा बायको जिन्यात थांबून ऐकत होती. तिने विचारलं, "केली का त्यांनी क्षमा?" मास्तर इतके दचकले की हातातला साचा बेसिनमध्ये पडला.

वर्षाची पहिली सकाळ उजाडली. चर्च गच्च भरलेलं. एकेक जण उठू लागला. शिंपी म्हणाला, यंदा सांगितलेल्या दिवशी कपडे देईन, आणि लोक हसले. एका सासूबाईंनी सुनेशी गोड बोलायचं कबूल केलं; सुनेला नेमकी खोकल्याची उबळ आली. मास्तरांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. पलीकडच्या बाकावर आक्का ताठ बसलेली त्यांना दिसत होती. बायकोने कोपराने ढोसलं तेव्हा ते उभे राहिले.

"मी माझ्या आक्काला..." ते म्हणाले, आणि तिथेच घात झाला.

म्हणायचं होतं 'आक्काची'. 'ची' म्हटलं असतं तर पुढचं 'क्षमा मागेन' आपल्या पायांनी चालत आलं असतं. पण घाबऱ्या जिभेने 'ला' लावला. शाळेत विभक्ती पाठ करून घेत असताना मास्तर खिडकीबाहेर बघत बसलेले, त्याची भरपाई आता सगळ्या मंडळीसमोर करायची वेळ आली. त्यांनी पुढचा शब्द शोधला. रोजच्या प्रार्थनेत 'क्षमा' म्हटलं की मागोमाग 'करतो' येतं. बोबडं बोलायच्या वयापासून जीभ त्याच वाटेने गेलेली. 'मागतो' तिच्या ओळखीचं नव्हतं.

"...आक्काला क्षमा करीन."

"आमेन!" मागून एका बहिऱ्या आजोबांनी खणखणीत आवाजात साथ दिली.

पाळकसाहेबांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, "केवढं मोठं मन! याला म्हणतात नवं वर्ष." मास्तर तोंड उघडं ठेवून उभेच होते. नाही, चुकलं, असं म्हणायला ओठ हलले, पण आवाज फुटला नाही, आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्या बाई उठून यंदा साखर सोडणार असल्याचं सांगू लागल्या. आक्काने पर्स उचलली. मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, इकडे तिकडे न बघता ती बाहेर निघून गेली.

फाटकाशी बायकोने त्यांना गाठलं. "अहो, काय बोललात हे?"

"मागेन म्हणायचं होतं."

"मग म्हणायचं होतं!"

"'ला' गेला गं तोंडातून."

"काय गेला?"

मास्तरांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. बायकोने कपाळावर हात मारला. "माणसं तोंडातून शिव्या जातात म्हणून रडतात. तुमचा 'ला' गेला. जा आधी तिच्या घरी, आत्ताच्या आत्ता."

ते गेले. भाचीच्या दारापर्यंत गेले, घंटीवर बोटही ठेवलं. आतून आक्काचा आवाज येत होता. "तो मला क्षमा करणार! तो! मला!" 'क्षमा'तल्या 'क्ष'ला शीळ वाजत होती. मास्तरांचं बोट घंटीवरून आपोआप खाली आलं. आत्ता ती रागात आहे, उद्या शांत होईल, उद्या येऊ, असं मनाशी म्हणत ते जिना उतरले. रस्त्यावर आल्यावर त्यांना कळलं की आपण पुन्हा तेच केलं. आईच्या वेळी केलं तेच. ते तसेच फुटपाथवर उभे राहिले, पण परत वर जायला पाय उचलेना. त्यांना स्वतःची मनापासून शिसारी आली.

संध्याकाळी भाची दुकानात आली. रुमालात गुंडाळलेली एक वस्तू तिने टेबलावर ठेवली. आक्काची कवळी, मधोमध दोन तुकडे.

"आई बेसिनवर कवळी धूत होती, मामा, आणि धुता धुता तुमच्या नावाने बोलतही होती. हात ओले, त्यात राग. सुटली."

मास्तरांनी तुकडे उचलले, उजेडात धरले. हात कामाला लागला की त्यांची भीती जरा मागे सरके. "जोडून देईन, पण पुन्हा तिथेच तडकेल. हिरड्या खाली बसल्यात तिच्या, ही आता तिच्या मापाची राहिलीच नाही. नवीन करावी लागेल. नवीन माप घ्यावं लागेल."

"निघायच्या आत होईल?"

"करीन." हा शब्द तोंडातून गेल्यावर ते स्वतःच दचकले.

भाची जरा घुटमळली. "ती येईल. दुसरीकडे इतक्या लवकर कोणी करून देणार नाही, आणि बिनदातांची सुनेसमोर जायला ती तयार नाही. पण तिची अट आहे. तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. बोललात तर उठून जाईन म्हणते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाची तिला घेऊन आली आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसली. आक्का आत येऊन खुर्चीत टेकली. तोंडावरचा रुमाल तिने बाजूला केला आणि मास्तर जागच्या जागी थबकले. वरचे दात नसल्यामुळे ओठ आत गेला होता, हनुवटी पुढे आली होती. समोर आई बसली होती. तेच गाल, तीच मान, शेवटच्या दिवसांत उशीवर होती तशी. मास्तरांना काही क्षण आपण कुठे आहोत तेच कळेना.

मग त्यांनी रबरी वाटी घेतली, मापाची पावडर घातली, पाणी घातलं आणि घोटायला लागले. हे माप फार वेळ देत नाही. लगदा ट्रेमध्ये भरायचा, टाळूला दाबून धरायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत कोणी हलायचं नाही. तेवढा वेळ माणसाला बोलता येत नाही, उठता येत नाही. मास्तरांनी हे हजारो वेळा केलं होतं. घोटता घोटता त्यांच्या डोक्यात आलं की तेवढ्या वेळात आपण सगळं बोलून टाकावं. हे बरोबर नव्हतं. अडकलेल्या बाईला ऐकवायचं म्हणजे अन्यायच होता. पण ती दोन दिवसांनी जाणार होती, आणि समोरून उत्तर येतं तिथे आपलं तोंडच उघडत नाही, हे त्यांना आता चांगलं कळून चुकलं होतं.

"नाकाने श्वास घे," एवढंच ते म्हणाले. ते कामातलं होतं. आक्काने चालवून घेतलं. त्यांनी ट्रे आत सरकवून टाळूला दाबला.

"आक्का, मी चुकीचं बोललो."

आक्काचे डोळे मोठे झाले. तिचा हात वर आला आणि तिने त्यांचं मनगट धरलं, घट्ट, नखं रुतवून.

"मी कोण क्षमा करणारा? मागायची होती. मी मागतोय. तुझी मागतोय, आक्का." ट्रेवरचं बोट त्यांनी सोडलं नाही. "मला माहीत होतं आई जाणार. डॉक्टरांनी सांगितलं होतं. तू रोज विचारायचीस आणि मी रोज खोटं बोललो. भीती वाटायची, बाकी काही कारण नाही. आणि आई... आई तुझ्यावर रागावली नव्हती गं. ती तुझीच चौकशी करायची. दार वाजलं की म्हणायची, आली का रे ती? दूधवाला आला तरी म्हणायची. मी सांगायचो, वाटेत आहे. मग ती म्हणायची, केस विंचरून द्या मला, ती येईल, मला अशी बघून घाबरेल. बायको रोज तिचे केस विंचरायची. शेवटच्या दिवशीसुद्धा विंचरले."

आक्काच्या घशातून एक आवाज आला. तिची मान हलली, खांदे हलले, आणि जबडा असा थरथरला की ट्रे टाळूवरून निसटला. मास्तरांनी घाईने तो बाहेर काढला. लगद्यात टाळूच्या जागी नुसत्या सुरकुत्या उमटल्या होत्या. आक्का बेसिनवर वाकली, थुंकली, आणि तशीच वाकून राहिली. नळ चालू होता. मास्तर मागे ट्रे हातात घेऊन उभे होते. आता ती उठेल, दार उघडेल आणि जाईल, याची ते वाट बघत होते. जाऊ दे, असंही त्यांना वाटत होतं. ती जाताना निदान खरं घेऊन तरी जाईल.

आक्काने नळ बंद केला. तोंड पुसलं. दातांशिवाय तिचे शब्द फसफसत होते, पण मास्तरांनी जन्मभर तसलीच बोली ऐकलेली.

"तिला सांगायचास, वाटेत आहे. आणि मला सांगायचास, घाई नको करू."

"हो."

"रोज?"

"रोज."

आक्काने डोळे मिटून घेतले. मास्तरांच्या मनगटावर तिच्या नखांच्या खुणा लाल होत चालल्या होत्या, आणि त्या चोळायचीही त्यांना हिंमत होत नव्हती.

"तू मागितलीस," शेवटी ती म्हणाली. "करायची का नाही ते माझं मी बघेन. आज तरी होणार नाही माझ्याच्याने."

"बरं."

तिने त्यांच्या हातातल्या ट्रेकडे बोट दाखवलं. "बिघडलं ना ते?"

"बिघडलं. परत घ्यावं लागेल."

आक्का खुर्चीत मागे टेकली. रुमालाची घडी करून तिने मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट धरले.

"घे परत," ती म्हणाली. "आणि ते केस विंचरायचं परत सांग, घुम्या. पहिल्यापासून सांग. या वेळी मी हलणार नाही."